कुटुंब नियोजनाच्या खोलीत वंध्यत्वालाही जागा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लोकसंख्या पंधरवड्याचे फलक आता गावोगावच्या आरोग्य केंद्रांवर लागतील. २७ जून ते १० जुलै आशाताई घरोघर जाऊन जोडप्यांना भेटतात. पुढे ११ जुलैच्या जागतिक लोकसंख्या दिनापासून २४ तारखेपर्यंत तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन आणि ऑपरेशन या सेवा नेटाने दिल्या जातात. हे काम मोलाचे आहे. पण याच घरभेटींत अधूनमधून असे एक दार लागते, जिथे प्रश्न पाळणा लांबवण्याचा नसतो. लग्नाला चार-पाच वर्षे झालेली असतात, पाळी दर महिन्याला येत असते आणि सासू उंबऱ्यातूनच सांगते, “आमच्याकडं तुमचं काम न्हाई ओ ताई.” ताई पुढच्या घराकडे वळते. या घरासाठी तिच्या पिशवीत ना चिठ्ठी असते, ना कुठे जायचे त्याचा पत्ता.

ताईंचा यात दोष नाही. त्यांचा मोबदला कशाकशावर ठरला आहे ते पाहावे. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर ५०० रुपये, पहिल्या आणि दुसऱ्या मुलात तीन वर्षांचे अंतर राखले तर ५००, दोन मुलांवर कायमची शस्त्रक्रिया झाली तर १०००. मूल होत नसलेल्या जोडप्याला हाताला धरून दवाखान्यापर्यंत नेले, तर त्याची या तक्त्यात ओळच नाही. ज्या कामाची नोंद होत नाही ते काम व्यवस्थेला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी ना खोली मिळते, ना माणूस.

हे आजचे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यामागे बाईच्या आरोग्याचा आणि तिच्या इच्छेचा विचार होता. १९५२ मध्ये सरकारी पातळीवर कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातील पहिला देश ठरला. पुढे मात्र या कार्यक्रमाचा सारा भर आकड्यावर गेला. १९७६ मध्ये तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. १९९६ मध्ये केंद्राने पद्धतीनिहाय उद्दिष्टे रद्द केली, पण ‘अपेक्षित काम’ या नावाने आकडा टिकून आहे. आता २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलेही नाहीत. जननदर इतका खाली आलेल्या राज्यात ‘मूल नको’ म्हणणाऱ्याला जेवढी सरकारी मदत मिळते, तेवढीच ‘मूल हवे’ म्हणणाऱ्यालाही मिळायला हवी, एवढेच आमचे म्हणणे आहे. कुटुंब नियोजन म्हणजे हवे तेव्हा, हवी तेवढी मुले. त्यातले ‘हवे तेव्हा’ धोरणातून गळाले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. कोणतेही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिनेच थांबावे. एवढी साधी व्याख्याही आपल्याकडे घराघरांत पोचलेली नाही. त्यामुळे एकीकडे चार महिन्यांतच घाबरून औषधे सुरू होतात आणि दुसरीकडे दहा वर्षे नवससायासात जातात.

पहिली तपासणी नवऱ्याची व्हायला हवी. मूल न होण्यामागे साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचे कारण एकटे किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने असते. त्याची तपासणी स्वस्त आहे आणि तिला सुई लागत नाही. तरी घडते ते उलट. बायकोची गर्भपिशवी साफ करून झाली, बीजनळ्यांचा एक्स-रे झाला, पोटात दुर्बीण घालून झाली की मग कधीतरी नवऱ्याला डबी दिली जाते. ती डबी कशी द्यायची आणि कशी आणायची हे नीट सांगितले जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

नमुना देण्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. डबी रुंद तोंडाची, कोरडी, निर्जंतुक असावी. औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. साबण, तेल, थुंकी लावू नये. दुकानातला निरोध वापरून नमुना घेऊ नये, कारण त्यावरच्या वंगणाने किंवा औषधाने शुक्राणू निकामी होतात. पहिला भाग डबीबाहेर सांडला असेल तर लाज न बाळगता तंत्रज्ञाला सांगावे, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. डबी अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली गेली पाहिजे. अर्ध्या तासात वीर्य पातळ होते, त्यानंतर मोजणी करायची.

हा एक तासच इथे कळीचा आहे. गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर, चंदगड तर शंभरच्याही पुढे. पहाटे घरी नमुना घेऊन, डबी शर्टाच्या आत धरून एसटीने निघालेला माणूस शहरातल्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोन तास उलटलेले असतात. शुक्राणूंची हालचाल तोवर मंदावलेली असते. अहवालात ‘हालचाल कमी’ असे छापून येते आणि एक निरोगी माणूस वर्षभर गोळ्या खात बसतो. शहरात येऊन नमुना द्यायचा म्हटले तर अनेक ठिकाणी त्यासाठी जागा म्हणजे रुग्णांचे सार्वजनिक स्वच्छतागृह. कडी नीट लागत नाही, बाहेर रांग उभी असते. अशा वेळी नमुना मिळतच नाही आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून ही तपासणी तालुक्याला, ग्रामीण रुग्णालयातच व्हायला हवी.

लागते काय? सूक्ष्मदर्शक, रक्तपेशी मोजायची काचपट्टी, कडी लागणारी एक छोटी खोली आणि आठवड्यातून एक सकाळ मोकळी असलेला प्रशिक्षित तंत्रज्ञ. थुंकीतले क्षयाचे जंतू आणि हिवतापाचे परजीवी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक आपल्याकडे आहेतच. शिवाय पुरुष नसबंदीच्या नियमातच ही तपासणी अंतर्भूत आहे. बिनटाक्याची नसबंदी झाल्यावर तीन महिन्यांनी वीर्य तपासून त्यात एकही शुक्राणू नाही याची खात्री करायची आणि मगच प्रमाणपत्र द्यायचे, असा दंडक आहे. म्हणजे नसबंदीची सेवा देणाऱ्या सरकारी यंत्रणेने ही तपासणी करणे मुळात अपेक्षितच आहे. पुरुष नसबंदीच होत नसल्याने तंत्रज्ञांचा हात त्यावर बसलेला नाही. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के आहे. तंत्रज्ञाला एकदा प्रशिक्षण दिले तर नसबंदीची खात्री आणि वंध्यत्वाची पहिली चाचणी, ही दोन्ही कामे त्याच टेबलावर होतील.

अहवाल वाचतानाही घोळ होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार खालची मर्यादा अशी आहे: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आकाराने ठीक असलेले ४ टक्के. हा शेवटचा ४ चा आकडा पाहून ‘माझे ९६ टक्के खराब’ असे समजून माणसे कोलमडतात. तसे काही नसते. चार टक्के ठीक म्हणजे ठीकच. आणि एका अहवालावर निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज दिसणारी कमतरता दोन महिन्यांपूर्वीच्या डेंगीची किंवा टायफॉइडच्या तापाचीही असू शकते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

आपल्या जिल्ह्यात पुरुषांच्या कारणांकडे बघण्याची जास्तच गरज आहे. वृषण शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहावे लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यातील फौंड्र्यांत भट्टीसमोर, साखर कारखान्यांच्या बॉयलरशी, गुऱ्हाळाच्या चुलाणावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते. कामाची पाळी बदलून देणे, भट्टीपासून दूरचे काम काही महिने देणे, सैल सुती कपडे, एवढ्यानेही फरक पडू शकतो, पण त्यासाठी आधी तपासणी आणि मग डॉक्टरांची चिठ्ठी हवी. दुसरे कारण तरुणांत वाढते आहे: व्यायामशाळेत अंग भरावे म्हणून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने. बाहेरून हे संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देतो आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही जाते. इंजेक्शने बंद केल्यावर ती परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. ‘ताकदीचे’ म्हणून तेच इंजेक्शन मूल होण्यासाठीही दिले जाते, ही तर घातक चूक आहे.

बाईच्या तपासणीतही बरेच काही तालुक्याला होण्यासारखे आहे. पाळीचा सहा महिन्यांचा हिशेब, वजन-उंची, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, गरज पडल्यास प्रोलॅक्टिन हे संप्रेरक. पाळी नियमित असेल तर पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासून स्त्रीबीज सुटते की नाही ते कळते. जननमार्गाचा क्षय हे आपल्या देशातले नळ्या बंद होण्याचे मोठे कारण आहे. त्याची औषधे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात, पण तपासणीची वाट वंध्यत्वाकडून क्षयाकडे नीट जोडलेली नाही. उलट बाजूने, नुसत्या संशयावर सहा महिने क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या जातात, तेही थांबायला हवे.

धोरणाचा एक फटका कसा बसतो, हे लेट्रोझोल या गोळीवरून कळते. बीज सुटत नसलेल्या, पीसीओएस (बीजकोशांचा संप्रेरक-विकार) असलेल्या बायकांसाठी ही स्वस्त गोळी वापरली जात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत असे दिसले की पीसीओएस असलेल्या बायकांत लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना मूल झाले, तर जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के जणींना. आपल्याकडची बंदी उठायला २०१७ उजाडले. अधल्यामधल्या काळात वय पुढे गेलेल्या बायकांना ती वर्षे परत मिळणार नाहीत. औषधावर शंका आली तर बंदी घालणे सरकारचे कामच आहे, पण नवा पुरावा आला की तितक्याच तत्परतेने फेरविचार करणेही आहे.

आता सर्वांत दुखऱ्या जागेकडे येतो. आपल्याकडे बाई साधारण पंचविशीच्या आसपास, दोन बाळंतपणे उरकली की ऑपरेशन करून घेते. नियमानुसार तिचे वय २२ ते ४९ च्या दरम्यान हवे आणि निदान एक मूल वर्षापेक्षा मोठे हवे. नवऱ्याची सही लागत नाही. पण दुसरे मूल किती दिवसांचे आहे, याबद्दल नियम गप्प आहे. सिझेरियनच्या टेबलावरच ‘पोट उघडलेच आहे, उरकून टाका’ असे घरचे म्हणतात, तेव्हा बाळ नवजात कक्षातल्या काचेच्या पेटीत असू शकते. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू पहिल्या २८ दिवसांत होतात, हे आरोग्य खात्याला पुरते ठाऊक आहे. मग कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे किंवा कक्षात ठेवलेले बाळ असेल तर त्या वेळी कायमची शस्त्रक्रिया टाळावी, असा लेखी आदेश का नसावा? पर्याय हाताशी आहे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षे चालते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. बाळ धडधाकट आहे हे दिसले की सहा आठवड्यांनंतर केव्हाही ऑपरेशन करता येते.

मूल दगावल्यावर किंवा दुसरे लग्न झाल्यावर बाई नळ्या जोडून घ्यायला येते, तेव्हा सर्जनचा पहिला प्रश्न असतो: ऑपरेशन कोणत्या पद्धतीने झाले होते? दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नळीचा वेढा ओढून त्यावर सिलिकॉनची इवलीशी रिंग चढवतात. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा वाळतो, दोन्हीकडची नळी चांगली राहते. टाक्याच्या ऑपरेशनमध्ये वेढा बांधून कापतात. किती कापले ते करणाऱ्याच्या हातावर. नळीच्या टोकाची झालर कापली गेली असेल तर जोडायला काही उरतच नाही. जोडून झाल्यावर नळी निदान चार सेंटिमीटर उरणार असेल, बाईचे वय पस्तिशीच्या आत असेल आणि नवऱ्याचा वीर्य अहवाल ठीक असेल तर यशाची आशा चांगली. पण बाईच्या हातातल्या कागदावर बहुधा ‘टी. एल. झाले’ (नळ्यांची नसबंदी झाली) एवढेच असते. म्हणजे आधी दुर्बीण घालून बघा, मग ठरवा. बाईला भूल, खर्च आणि पोटावर आणखी एक छेद. नसबंदी प्रमाणपत्रावर तीन ओळी छापल्या तर हे वाचेल: पद्धत कोणती, नळीच्या कोणत्या भागावर, किती तुकडा काढला. याला खर्च शाईचा. जोडलेल्या नळीत गर्भ अडकण्याचा धोका असतो, म्हणून अशा बाईची पाळी चुकली की सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना ते पाहावे, हेही त्याच कागदाच्या मागे छापावे.

नसबंदी निकामी ठरून दिवस राहिले तर सरकार ६० हजार रुपये भरपाई देते. ९० दिवसांत दावा करावा लागतो. दोनशे बायकांमागे एकीला पहिल्या वर्षात असे होऊ शकते, त्यामुळे ही तरतूद योग्यच आहे. पण सरकारच्याच कार्यक्रमात ऑपरेशन करून घेतलेल्या आणि नंतर मूल गमावलेल्या बाईसाठी तशी ठरलेली तरतूद नाही. विमाही तिच्या बाजूने नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत विमा नियामकाने ठरवलेला सतरा क्रमांकाचा वगळणूक-नियम आहे. गर्भनिरोध, नसबंदी, कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करणे), सरोगसी आणि नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया, हे सारे त्यात एका दमात वगळले आहे. आयुष्मान भारतच्या वगळलेल्या उपचारांतही वंध्यत्व उपचार आहेत. म्हणजे बंद करण्याचा खर्च सरकारचा, उघडण्याचा खर्च तिचा. महात्मा फुले योजनेत निदान मूल गमावलेल्या जोडप्यांसाठी नळ्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज हवे आणि ती शस्त्रक्रिया कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नियमित व्हायला हवी.

शिबिरांबद्दल दोनच वाक्ये. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरांत १३ बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात तीन वर्षांत शिबिर पद्धत थांबवण्यास सांगितले. ठरावीक दिवशी ऑपरेशन आणि त्याच दिवशी शेजारच्या खोलीत वंध्यत्व तपासणी, अशी घडी बसवली तर बायकांना कोणत्या दारात शिरलो याचा संकोचही वाटणार नाही.

पुढचे उपचार लागणाऱ्यांसाठी २०२१ चा सहाय्यक जननतंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तो हवाच होता; बीज देणाऱ्या गरीब बायकांची पूर्वी जी पिळवणूक व्हायची तिला त्याने चाप लावला. आता बीजदाती २३ ते ३५ वयाची हवी, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते, सातच्या वर बीजे काढता येत नाहीत आणि एका दातीची बीजे एकाच जोडप्याला. तिचा विमाही जोडप्यानेच काढायचा. परिणाम असा की दातीचा सारा खर्च एकाच जोडप्यावर येतो. वयाची मर्यादा बाईला ५० आणि पुरुषाला ५५. दवाखान्यांची नोंदणी दोन पातळ्यांवर आहे: फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भपिशवीत सोडणे) करणारे पहिल्या पातळीत, शुल्क ५० हजार, आयव्हीएफ करणारे दुसऱ्या पातळीत, शुल्क २ लाख. महिन्याला दोन-तीन आययूआय करणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला हे परवडणे कठीण. त्यामुळे काही हजारांत होणारा उपचार शहरात सरकतो आणि शहरात गेलेले जोडपे बरेचदा थेट आयव्हीएफच्या टेबलावर पोचते.

आयव्हीएफच्या एका फेरीचा खर्च साधारण दीड ते अडीच लाख. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, मधून मधून सोनोग्राफी, शेवटचे इंजेक्शन दिल्यावर ३४ ते ३६ तासांत बीज काढणे, तीन किंवा पाच दिवसांचा गर्भ पिशवीत सोडणे आणि दोन आठवड्यांनी रक्ततपासणी. फेरी फसली तर पैसे परत येत नाहीत. राधानगरी किंवा भुदरगडच्या शेतकऱ्याने यासाठी गुंठे विकलेले असतात. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केले. सीपीआरला राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, सांगली, सिंधुदुर्ग आणि सीमाभागातून तिथे रुग्ण येतात. निदान पहिल्या पातळीचे सरकारी केंद्र इथे व्हावे, म्हणजे आययूआय आणि साध्या गोळ्यांच्या उपचारांनी ज्यांचे काम होते त्यांना लाखाच्या वाटेवर जावे लागणार नाही.

लिंगनिवडीचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला टाळता येणार नाही. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८३९ होती, २०११ मध्ये ८६३ झाली. मधल्या काळात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कार्यकाळात सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण) बसवले गेले. दोन मुली असलेली जोडपी ‘मूल होत नाही’ म्हणून येतात तेव्हा त्यांना हवा असतो मुलगा. जननतंत्रज्ञान कायद्यात अशा लिंगनिवडीसाठी पाच ते दहा वर्षांची कैद आहे, आणि ती योग्य आहे. पण कायद्याच्या धाकाने अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या कायदेशीर गोळ्या ठेवणेच सोडले. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्यास अविवाहित स्त्रीलाही २० आठवड्यांपर्यंत कायद्याने गर्भपात करता येतो. ती सोय जवळ नसली की बाई अनोळखी हातात जाते, जंतुसंसर्ग होतो, नळ्या बंद होतात आणि चार वर्षांनी तीच बाई वंध्यत्वाच्या रांगेत उभी राहते.

आणखी एक. ‘पहिला पाळणा लांबवा’ हा संदेश एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीसाठी अगदी बरोबर आहे. तिशी ओलांडून लग्न केलेल्या मुलीसाठी तो चुकीचा आहे. अंतरा इंजेक्शन घेणाऱ्या बाईला हेही आधी सांगायला हवे की शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हे न सांगितल्याने ‘इंजेक्शनानं वांझ केलं’ अशी अफवा गावभर होते आणि एक चांगले साधन बदनाम होते.

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि शासनाने त्याचे परिपत्रक काढून राज्यभर नेला. ओटी भरताना, डोहाळजेवणात, बारशाला मूल नसलेल्या बाईला मागे ठेवले जाते, त्यावरही गावाला ठराव करता येईल. बाकीचे काम आरोग्य खात्याचे. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय इथे आठवड्यातून एक दिवस जोडप्यांची बाह्यरुग्ण तपासणी सुरू करता येईल. यंत्रमागावरचा कामगार असो की चंदगडचा शेतकरी, एकाच दिवशी दोघांची तपासणी झाली तर मजुरीचा एकच खाडा होतो.

आणि यंदाच्या घरभेटींच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘मूल हवे आहे का, किती महिने झाले?’ उत्तर बाराच्या पुढे आले की ताईने तिथेच दोन चिठ्ठ्या लिहून द्याव्यात, पहिली नवऱ्याच्या नावाची. त्या दोन चिठ्ठ्यांसाठीही तिच्या मोबदल्याच्या तक्त्यात ओळ असावी.

आपले,
स्त्रीरोग, प्रयोगशाळा व कुटुंब कल्याण क्षेत्रात काम करणारे काही जण,
कोल्हापूर